ड्रॉइंगच्या आधी मटेरियल: मिरची ड्रायर बनवताना क्रम कसा लावावा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नवी वस्तू बनते तेव्हा क्रम बहुधा असा असतो. आधी आकार ठरतो, मग ड्रॉइंग होतं, मग फॅब्रिकेटरकडे गेल्यावर तो विचारतो, "भाऊ, पत्रा कुठला घेऊ?" त्या क्षणी जो पत्रा गोडाऊनला पडलेला असेल तो लागतो. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा झाला की तक्रारी सुरू होतात: ट्रे गंजला, शीट पिवळी पडली, दार बसेना. ही चूक वेल्डरची नसते. मटेरियलचा प्रश्न फार उशिरा विचारला, म्हणून हे होतं.

मटेरियल ठरलं की वाकवता किती येईल, जोड कसा द्यायचा, भोक किती मोठं ठेवायचं, जाडी किती, हे आपोआप बांधलं जातं. म्हणून ते पहिल्या कच्च्या रेघांबरोबरच ठरवायचं. खालचे टप्पे मी एकाच उदाहरणावर दाखवतो: लाल मिरची वाळवायचा सौर ड्रायर, म्हणजे उन्हाने तापणारी आणि आतून गरम हवा वाहणारी पेटी. नंदुरबारच्या पथारींवर मिरची उघड्यावर वाळते. धूळ आणि अवकाळी पावसापासून ती वाचवायची म्हणून असे ड्रायर बरेच जण बनवायला घेतात, आणि त्यात पत्रा, जाळी, प्लास्टिक, रबर, इन्सुलेशन असं सगळंच लागतं.

तयारी: बसण्याआधी हातात काय हवं

एक वही, जाडी मोजायला व्हर्नियर, शक्य असेल तर मायक्रोमीटर, १५० अंशांपर्यंत मोजणारा प्रोबचा थर्मामीटर आणि एक वजनकाटा. कॉम्प्युटर लागत नाही. उलट या टप्प्यावर कॉम्प्युटर उघडला की माणूस आकारात अडकतो.

टप्पा १: प्रत्येक भागाचं काम लिहा, मटेरियलचं नाव लिहू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीत प्रत्येक भागासाठी एक पान घ्या. त्या पानावर "एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) ट्रे" असं लिहिलंत की विचार तिथेच थांबतो. नुसतं "ट्रे" लिहा आणि खाली त्याच्या वाट्याला काय काय येणार ते उतरवा.

ट्रेच्या जाळीचं माझं पान असं होतं: ओल्या मिरचीचा भार ६ किलो. मिरचीचा थेट स्पर्श. ७० अंशांपर्यंत गरम हवा. रोज पाण्याने धुणे. एका हाताने उचलतात, कधी पडतो. तारेचा तुकडा तुटून मिरचीत जाता कामा नये. किमान पाच हंगाम टिकावा. वर्कशॉप नसलेल्या गावात जाळी बदलता यावी.

"मजबूत", "टिकाऊ", "चांगल्या क्वालिटीचा" हे शब्द या पानावर चालत नाहीत. मजबूत म्हणजे किती किलोला किती मिलिमीटर वाकलेलं चालेल? टिकाऊ म्हणजे किती हंगाम? आकडा लिहिता येत नसेल तर वापरणाऱ्या शेतकऱ्याकडे जाऊन विचारा.

एक हिशेब जरूर करा. तोडलेल्या पिकल्या मिरचीत पाणी साधारण तीन चतुर्थांश असतं. १०० किलो मिरची १० टक्के ओलाव्यापर्यंत आणली तर सुमारे २८ किलो उरते, म्हणजे ७२ लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन त्या पेटीतून जातं. ड्रायर ही कोरडी जागा आहे या समजुतीने आतली फ्रेम साध्या रंगावर सोडणारे इथेच फसतात. रात्री पेटी थंड झाली की त्यातली थोडी वाफ फ्रेमवर दव होऊन बसते, आणि गंज आतून सुरू होतो.

> तपासा: प्रत्येक पानावर भार, तापमान, पाणी, ऊन, अन्नाचा स्पर्श, आयुष्य आणि दुरुस्ती या सातही गोष्टी आल्या का? एकही रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: आपल्या जागेचे आकडे मोजा

कॅटलॉगमध्ये बहुतेक गुणधर्म २३ ते २७ अंशांना दिलेले असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या काळ्या पत्र्याचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. म्हणून जुना काळा रंगवलेला पत्रा गच्चीवर ठेवा, खाली प्रोब लावा आणि दुपारी दोन वाजता वाचा. तो आकडा तुमचा, कॅटलॉगचा नव्हे.

त्यातही सर्वात वाईट वेळ शोधा. ड्रायर चालू असताना हवा वाहते, उष्णता निघून जाते. वीज गेली, पंखा थांबला, ट्रे रिकामे आणि ऊन टळटळीत, अशा वेळी पेटी सर्वात जास्त तापते. मटेरियल त्या वेळेसाठी निवडायचं.

हे मी माझ्या पहिल्या ड्रायरवर शिकलो. काळ्या पत्र्यामागे थर्मोकोल भरला होता, कारण तो स्वस्त होता आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता. चालू अवस्थेत मोजलेलं तापमान ६५ होतं, थर्मोकोल ७५-८० अंशांपर्यंत तग धरतो, म्हणजे जमलं असं वाटलं. मे महिन्यात दोन दिवस पंखा बंद राहिला. मागचा पत्रा उघडला तेव्हा थर्मोकोल आक्रसून निम्मा झाला होता. पूर्ण पाठ नव्याने करावी लागली. तिथे ग्लासवूल किंवा रॉकवूल हवं होतं, तेही दोन्ही बाजूंनी पत्र्यात बंद करून. त्याचे तंतू मिरचीत जाता कामा नयेत, आणि ओलं झालं की ते काम करत नाही.

आपल्याकडे पीव्हीसी पाइप इथेच बनतो, दारात मिळतो, म्हणून तो कशालाही वापरायची सवय आहे. गार पाण्याला तो उत्तम. पण त्याची दाबक्षमता २७ अंशांना धरलेली असते, तापमान चढेल तशी ती घटते, आणि ८० अंशांच्या आसपास पाइप मऊ पडतो. ड्रायरच्या गरम हवेच्या वाटेवर पीव्हीसी नको.

उन्हाचंही तसंच. ठिबकची नळी काळी का असते? तिच्यात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक असतं, आणि ते प्लास्टिकला अतिनील किरणांपासून वाचवतं. तेच प्लास्टिक पांढरं किंवा पारदर्शक घेतलं आणि त्यात यूव्ही स्टॅबिलायझर नसेल, तर काही काळात ते ठिसूळ होऊन हातात तुटतं.

टप्पा ३: आधी बाद करा, मग तुलना करा

क्रम इथेच सर्वाधिक चुकतो. लोक पाच मटेरियलला दर, वजन, दिसणं यांचे गुण देतात, बेरीज करतात आणि जास्त गुणांचं घेतात. त्यात दर कमी असलेलं, पण अन्नाला न चालणारं मटेरियलही जिंकू शकतं. म्हणून आधी चाळणी लावा. ज्या अटीवर तडजोड नाही ती अट जे मोडतं ते बाद, मग ते फुकट मिळालं तरी.

ट्रेच्या जाळीची चाळणी अशी झाली:

१. साधी लोखंडी जाळी, रंगवलेली: रंग सुटून मिरचीत जाणार. बाद.
२. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) जाळी: कोरड्या मिरचीला चालेल असं वाटतं, पण त्याच ट्रेवर शेतकरी कैरी किंवा टोमॅटोही वाळवणार. आंबट पदार्थात जस्त उतरतं. बाद.
३. भंगारातून पुन्हा बनवलेल्या प्लास्टिकची जाळी: आधी त्यात काय होतं ते कळत नाही. बाद.
४. फूडग्रेड पॉलिप्रोपिलीन जाळी: तापमानात बसते. आयएस १०९१० चा (अन्नाला चालणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या भारतीय मानकाचा) दाखला मिळाला तर शिल्लक.
५. स्टेनलेस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड): शिल्लक.

आता उरलेल्या दोघांत दर, वजन, दुरुस्ती बघा. मी चौकटीला आणि जाळीला ३०४ घेतलं. मिरची मीठ लावून वाळवायची असेल तर मात्र थांबा. मिठाने ३०४ वर बारीक खड्डे पडू शकतात. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ बघा, किंवा पॉलिप्रोपिलीनकडे परत या.

> सावधान: जास्त ताकदीचं मटेरियल घेतलं की वस्तू कमी वाकेल, हे खरं नाही. जास्त ताकदीचं स्टील आणि साधं स्टील त्याच भाराला जवळपास सारखंच वाकतं. फरक फक्त कायमचं वाकायला किंवा तुटायला किती भार लागेल यात पडतो. वाकणं कमी करायचं असेल तर आकार बदला, कडेला घडी द्या. अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून स्टीलच्याच मापात अॅल्युमिनियम घातलंत तर तिप्पट झोल पडेल.

आणखी एक गोष्ट मी सवयीने करतो. महाग मटेरियल शोधण्याआधी भागाची जागा बदलता येते का ते बघतो. पंखा वरच्या गरम तोंडाशी लावला की जास्त तापमान सोसणारा महाग पंखा लागतो. तोच खाली, बाहेरची हवा आत येते तिथे लावला की साधा पंखा चालतो.

टप्पा ४: बनवायची रीत मटेरियलच्या शेजारीच लिहा

मटेरियल आणि रीत वेगळी ठरवता येत नाही. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक मटेरियलसमोर लिहा: कापणार कसं, वाकवणार कसं, जोडणार कसं, वर लेप काय, आणि किती नग.

नगांचा आकडा प्रामाणिक ठेवा. पहिल्या वर्षी वीस ड्रायर जाणार असतील तर इंजेक्शन मोल्डिंगचा कोपरा ड्रॉइंगमध्ये काढू नका, कारण साच्याचा खर्च वीस नगांवर बसत नाही. तोच कोपरा वाकवलेल्या पत्र्याचा काढा.

फ्रेम चौकोनी एमएस (साध्या स्टीलच्या) पाइपची असेल तर लेप आत्ताच ठरवा. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करायचं असेल तर पाइप ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडतो. बंद पाइपात अडकलेली हवा आणि ओल तिथे स्फोट घडवू शकते. म्हणून प्रत्येक बंद पाइपला हवा जायची आणि जस्त निथळायची भोकं ड्रॉइंगमध्येच हवीत. फ्रेम टाकीत मावते का, हेही आधी विचारा. पातळ पत्रा तिथे वाकडा होतो, तो फ्रेमला जोडून पाठवू नका. पावडर कोटिंग करायचं असेल तर भट्टी १८०-२०० अंशांची असते. सगळं वेल्डिंग आधी, रबर आणि प्लास्टिक नंतर.

> सावधान: जीआय पत्र्यावर थेट वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर होतो. तो श्वासात गेला की संध्याकाळी वेल्डरला थंडी-ताप भरतो. जोडाजवळचं जस्त घासून काढा, हवा खेळती ठेवा, आणि जोड झाल्यावर ती जागा झिंक पेंटने पुन्हा झाका. शक्य असेल तर रिवेट किंवा बोल्टचाच जोड काढा.

स्टेनलेससाठी वेगळी ग्राइंडिंग चाकं आणि वेगळा वायर ब्रश ठेवा. एमएसवर वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला की लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात लाल ठिपके दिसतात. मग गिऱ्हाईक म्हणतं पत्रा डुप्लिकेट आहे, आणि पत्रा चांगला असतो.

टफन्ड काच घ्यायची असेल तर मापं आणि भोकं आधीच पक्की करा. टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.

टप्पा ५: मिळतं का ते फोन करून विचारा

हा टप्पा छोटा आहे, पण चुकला की महिना जातो. जळगावला एमएस, जीआय आणि प्लास्टिकचं बरंच काही सहज मिळतं. खास जाडी, खास जाळी किंवा रबर प्रोफाइल मुंबई, नाशिक, सुरत, इंदूरहून ट्रान्सपोर्टने येतं. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: कुठल्या जाडीत, कुठल्या शीट मापात, कमीत कमी किती घ्यावं लागेल, आणि पुढच्या वर्षीही हेच मिळेल का.

जाडी मिलिमीटरमध्येच विचारा. १६ गेज म्हटलं की कोणी १.६ मिमी देतो, कोणी १.५ देतो, आणि दोघंही आपापल्या तक्त्याप्रमाणे बरोबर असतात.

शीटचं माप कळलं की ट्रेचं माप त्यातून काढा. ८ बाय ४ फुटांची शीट २४४० बाय १२२० मिमी असते. कटिंग आणि घडी धरून ट्रे ६०० मिमीत बसवला तर रुंदीत दोन निघतात. ६२० केलात तर एकच निघतो आणि निम्मी शीट भंगारात जाते. ट्रेचं माप अजून कागदावर आहे, म्हणूनच ते आत्ता बदलता येतं.

टप्पा ६: किलोचा दर नको, नगाचा आणि हंगामाचा खर्च काढा

एमएस पत्र्याचं वजन काढायचं सोपं सूत्र: लांबी मीटर × रुंदी मीटर × जाडी मिमी × ७.८५ = किलो. १.६ मिमीची ८ बाय ४ शीट सुमारे ३७.४ किलो, १.२ मिमीची २८ किलो. कडेला घडी देऊन १.२ मध्ये भागलं तर दर शीटमागे नऊ किलोंच्या वर वाचतात. मग त्यात कटिंग, वेल्डिंग, लेप, वाया जाणारा तुकडा आणि दुरुस्तीची एक फेरी मिळवा, आणि जितके हंगाम टिकणार तितक्यांनी भागा. बऱ्याचदा रंगवलेलं एमएस दर हंगामाला स्टेनलेसपेक्षा महाग पडतं. नेहमीच तसं होत नाही, म्हणून हिशेब लिहूनच काढा.

टप्पा ७: दोन मटेरियल भेटतात तिथे थांबा

सुटे भाग बरोबर निवडले तरी वस्तू बिघडते ती बहुतेक वेळा जोडाशी. वरच्या झाकणाचं उदाहरण घ्या: एमएस फ्रेमवर २ मीटर लांब पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) शीट.

थंडीतल्या पहाटेपासून उन्हातल्या दुपारपर्यंत शीटच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात पॉलिकार्बोनेट साधारण ६.५ मिमी वाढतं, स्टील १.२ मिमी. पाच मिमीचा हा फरक जायला जागा नसेल तर शीट फुगते किंवा बोल्टपाशी तडकते. म्हणून:

१. मधलं एक भोक नेमकं, बाकीची लांबट किंवा बोल्टपेक्षा बरीच मोठी ठेवा. वर रुंद वॉशर लावा.
२. बोल्ट हाताला लागेल इतकाच आवळा. इम्पॅक्ट मशीनने आवळू नका.
३. खालची पट्टी ईपीडीएम रबराची घ्या. मऊ पीव्हीसीची पट्टी चालत नाही. तिच्यातला मऊ ठेवणारा पदार्थ पॉलिकार्बोनेटमध्ये उतरतो आणि बारीक चिरा पडतात.
४. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका.
५. शीटच्या ज्या बाजूला यूव्ही थर आहे ती सूर्याकडे. संरक्षक फिल्मवर ते छापलेलं असतं. फिल्म काढण्याआधी त्या बाजूला मार्करने खूण करा, आणि बसवल्यावर फिल्म लगेच काढा. उन्हात ती चिकटून बसते.

पाचवी चूक मी सर्वात जास्त पाहिली आहे. शीट उलटी बसली की एरवी कितीतरी वर्षं टिकणारं मटेरियल लवकर पिवळं पडतं, आणि दोष मटेरियलला लागतो.

धातूंचंही असंच. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला एमएसचा बोल्ट लावला आणि ओल राहिली तर जोडाशी गंज लवकर धरतो. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात अॅल्युमिनियमचे बारीक रिवेट त्याहून वाईट, कारण लहान रिवेटच खाल्ले जातात. मधे नायलॉनचं वॉशर घाला आणि पाणी साचणार नाही असा उतार द्या.

> तपासा: स्केचवर प्रत्येक जोडाला गोल करा. दोन्ही बाजूंची मटेरियल वेगळी असतील तर तीन प्रश्न: वेगवेगळं वाढतं का, ओल साचते का, एकाचं रसायन दुसऱ्याला खातं का?

टप्पा ८: तळहाताएवढ्या तुकड्यांवर चाचणी

पूर्ण ड्रायर बनवण्याआधी प्रत्येक निवडीचा तुकडा घ्या, नाव आणि तारीख कोरा. एक गच्चीवर उन्हात, एक ओल्या मिरचीखाली, एक रोज धुवून. जोडाचाही नमुना करा: फ्रेमचा तुकडा, रबर, शीट, बोल्ट, सगळं एकत्र. ८० अंशांच्या गरम पाण्यात आणि मग गार पाण्यात वीस-तीस वेळा बुडवा. चिरा, सुटलेला लेप, ढिला बोल्ट बघा. हे मे महिन्यात करा. डिसेंबरात पास झालेला नमुना खानदेशात काहीच सांगत नाही.

टप्पा ९: आता ड्रॉइंग, आणि त्यावर नेमकं नाव

ड्रॉइंगवर "एसएस" असं लिहिलं की २०२ (कमी निकेलचं स्टेनलेस) येऊ शकतं आणि पुरवठादाराला दोष देता येत नाही. "स्टेनलेस ३०४, जाडी १.२ मिमी, टेस्ट सर्टिफिकेटसह" असं लिहा. फ्रेमच्या चौकोनी पाइपला "आयएस ४९२३" आणि त्यातला ग्रेड लिहा. झाकणाला यूव्ही थराची बाजू बाणाने दाखवा. पर्यायी मटेरियल चालणार असेल तर तेही इथेच लिहा, आणि नसेल तर "विचारल्याशिवाय बदल नाही" ही ओळ टाका.

माल आल्यावर पहिल्या दिवशीच तपासा. जाडी चार कोपऱ्यांत मोजा, एकाच ठिकाणी नको. शीट काट्यावर ठेवा आणि सूत्राने काढलेल्या वजनाशी ताडा. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील ज्या घाण्यातून निघालं त्याचा क्रमांक) पत्र्यावरच्या नंबराशी जुळतो का बघा.

चुंबकावर विसंबू नका. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे बहुतांशी खरं, पण २०२ लाही चिकटत नाही. उलट वाकवलेल्या जागी खऱ्या ३०४ लाही थोडं चिकटतं. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असतं, २०२ मध्ये ४ ते ६ आणि त्याची भरपाई मँगनीजने केलेली असते. मँगनीज ओळखणारं तपासणी द्रावण मिळतं: पत्र्यावर थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की २०० मालिकेच्या पत्र्यावर तो लालसर होतो. मोठ्या ऑर्डरीला एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तुकडा तपासून घ्या.

प्रत्येक लॉटमधला एक तुकडा तारीख, बिल नंबर आणि ड्रायरचे अनुक्रमांक लिहून कपाटात ठेवा. दोन वर्षांनी शहाद्याहून फोन आला की ट्रेला ठिपके पडलेत, तर तो तुकडा काढून आधी त्याच्यावर थेंब टाका, आणि मगच शहाद्याला जायला निघा.